मधलं शून्य

"काय ओ मॅडम, गरिबाची चेष्टा करताय का?" फोन उचलल्या उचलल्या येमूलबाईंनी तोफ डागली.

येमूलबाई सोलापुरात जकार्डचे माग चालवायच्या. गरीब वगैरे अजिबात नव्हत्या, पण गिऱ्हाइकाशी बोलताना गरीब व्हायची त्यांना सवय होती. डॉ. केतकी हंचाटे यांनी त्यांच्याकडे एक शाल विणायला टाकली होती. साधी सत्काराची शाल नव्हे हं. सत्काराच्या शालींचं काय होतं ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे: त्या एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर फिरत राहतात आणि थंडीत कुणाच्याच अंगावर दिसत नाहीत. ही शाल तडवळकर सरांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी होती. सरांनी आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्या, म्हणून त्यांचे विद्यार्थी मोठा सोहळा करणार होते, आणि शालीवरची नक्षी असणार होती सरांच्या जगप्रसिद्ध संख्येची. कल्पना केतकीची. तिला स्वतःलाच ती इतकी आवडली होती की तिने चार जणांना फोन करून सांगितली होती.

"काय झालं येमूलबाई?"

"काय व्हायचंय? तुमची नक्षी अर्ध्यापर्यंत झकास आहे बघा. बारीक, दाट, नुसतं बघत बसावं. आणि पुढं? पुढं कोरं! एक धागा उचलायला नको. मागावरचा माणूस विचारतोय मला, बाई, शाल विणायची का पंचा?"

केतकी हसली. फाईल अर्धवट गेली असेल, परत पाठवते, म्हणाली. हसतहसतच तिने विभागातला संगणक उघडला, नक्षीची मूळ फाईल काढली आणि शेवटपर्यंत खाली सरकवली.

फाईल अर्धवट गेली नव्हती. पुढे खरोखरच काही नव्हतं. एकही आकडा नव्हता, शून्याशिवाय.

आता हे शून्य म्हणजे काय प्रकरण ते सांगायला हवं. घाबरू नका, शाळेतल्या गणिताच्या फार पुढे जायचं नाही.

दोनला दोनने गुणत जायचं, पण दोनांची संख्या दोन, तीन, पाच, सात, अकरा अशी मूळ असेल तिथेच थांबायचं, आणि त्यातून एक वजा करायचा. तीन, सात, एकतीस, एकशे सत्तावीस अशा संख्या मिळतात, आणि या चारही मूळ संख्या आहेत. एक आणि ती स्वतः सोडून त्यांना दुसरं कुणी भाग देऊ शकत नाही. म्हणून पुढच्याही साऱ्या तशाच असतील असं वाटायला लागतं, आणि तिथेच फसगत होते. दोन हजार सत्तेचाळीस दिसायला तशीच, पण ती निघते तेवीस गुणिले एकोणनव्वद. जसजसं पुढे जावं तसतशा मूळ निघणाऱ्या संख्या विरळ होत जातात. शेवटी शेवटी तर अशी एक सापडणं म्हणजे लॉटरीच.

पण या जातीच्या संख्यांची एक खुबी आहे. त्या मूळ आहेत की नाहीत हे पाहायला भागाकार करत बसावं लागत नाही. चारापासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, आपल्या संख्येने भागायचं आणि जी बाकी उरेल ती घेऊन पुन्हा तेच. एकतीसचं बघा: चार, मग चौदा, मग आठ, मग शून्य. ठरलेल्या शेवटच्या पायरीवर शून्य आलं की संख्या मूळ. नाही आलं की नाही. लहान संख्येला हे कागदावर जमतं. तडवळकर सरांची संख्या छापायची म्हटली असती तर पुस्तकांनी खोली भरली असती, आणि पायऱ्या कोट्यवधी. सरांनी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम कॉलेजच्या यंत्रावर महिनोन्महिने चालला आणि शेवटी शून्य आलं. वाटेत ठरावीक थांब्यांवर त्याने जपून ठेवलेल्या बाक्या, त्याच शालीवर ओळीने उतरायच्या होत्या. सर तेव्हा निवृत्त होते, पण त्या दिवशी कॉलेजच्या आवारात ते पोरासारखे नाचले होते म्हणतात.

त्यानंतर नियम असा होता, की दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या प्रोग्रॅमने, पुन्हा चारापासून सुरुवात करून तेच उत्तर आणायचं. मगच ती संख्या मूळ म्हणून जाहीर. हा दुसरा तपासनीस म्हणजे केतकी. सरांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी.

तिने सुरुवात केली होती, प्रामाणिकपणे. सुरुवातीच्या काही थांब्यांवरच्या बाक्या सरांच्या बाक्यांशी पडताळून पाहिल्या, तंतोतंत जुळल्या. मग सोलापूरचा उन्हाळा आला. यंत्राच्या खोलीतला एसी बसला, यंत्र तापून बंद पडलं, आणि तिच्या फायली खराब झाल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची तर जाहीर करण्याची ठरलेली तारीख हुकणार. सभागृह घेतलेलं, वर्तमानपत्रांना कळवलेलं, मंत्री येणार. तेव्हा केतकीने सरांना म्हटलं, "सर, तुमच्या शेवटाकडच्या थांब्याची फाईल देता का?" सरांना वाटलं, पोरीला जुळवून बघायचंय. त्यांनी दिली. तिने ती जुळवायला नाही, तिथून पुढे चालवायला घेतली. आणि ती फाईल सरांच्याच प्रोग्रॅममध्ये उघडत होती म्हणून सरांचाच प्रोग्रॅम वापरला. आतापर्यंत जुळलंय म्हणजे पुढेही जुळणारच, अशी मनाची समजूत घातली. शेवटी शून्य आलं. तिने सही केली: स्वतंत्रपणे, आरंभापासून तपासले.

सरांचं काम आपण तपासायचं? त्यांच्या पायाशी बसून आपण बेरीज शिकलो आणि त्यांच्यावर संशय घ्यायचा? हे तिने तेव्हा मनाशी म्हटलं होतं आणि त्यात तिला आपला मोठेपणाच दिसला होता. सरांची ती फाईल उघडून पाहण्याची तसदी तिने घेतली नव्हती. घेतली असती तर दिसलं असतं की ती फाईल म्हणजे नुसतं शून्य होतं.

आणि मध्येच शून्य येणं म्हणजे काय, हे तिला आता खुर्चीत बसल्या बसल्या कळत होतं. शून्याचा वर्ग शून्य, वजा दोन, म्हणजे उणे दोन. उणे दोनाचा वर्ग चार, वजा दोन, म्हणजे दोन. दोनाचा वर्ग चार, वजा दोन, पुन्हा दोन. मग दोनच. शेवटपर्यंत दोनच. मध्ये एकदा शून्य आलं की शेवटी शून्य येऊच शकत नाही. म्हणजे सरांचं यंत्रही कधीतरी तापून गचकलं होतं, आकडे पुसले गेले होते, आणि त्यांच्या प्रोग्रॅमने ते शून्य तसंच्या तसं शेवटापर्यंत वाहून नेलं होतं. ती संख्या मूळ नाही असं सिद्ध झालं नव्हतं. पण मूळ आहे असंही कुणी सिद्ध केलं नव्हतं. ती कुणी तपासलेलीच नव्हती.

केतकीचे कान तापले. खोलीत कुणी नव्हतं, तरी तिने पदर सारखा केला आणि संगणकाचा पडदा बंद करून टाकला.

नुसत्या गणिताचीच गोष्ट असती तर चार विद्वान हसले असते आणि विषय संपला असता. पण मधल्या काळात जगाची कुलपं, म्हणजे संगणकातली गुपितं जपणारी गणितं, बदलली होती. क्वांटम संगणकांनी जुनी कुलपं शेंगा फोडाव्यात तशी फोडली, तेव्हा सगळ्यांना अवाढव्य मूळ संख्या हव्या झाल्या. त्यात या जातीच्या संख्येने भागणं यंत्राला फार सोपं जातं: आकडे कापायचे, तुकडे एकमेकांत मिळवायचे, झालं. अशा कुलपाची सगळी ताकद संख्या मूळ असण्यात. ती संयुक्त निघाली की आख्ख्या कोड्याची लहानलहान कोडी होतात, आणि लहान कोडी सोडवणारी यंत्रं बाजारात मिळतात. आपल्याकडे एक संस्था निघाली होती, साक्षपेटी नावाची. घरात ज्यांना मारहाण होते त्या बायकांनी आपली साक्ष, फोटो, आवाज, सगळं त्या पेटीत ठेवायचं. बाई स्वतः म्हणेल तेव्हाच ती उघडणार, कोर्टात पुरावा म्हणून चालणार. तोवर कुणाला, अगदी पोलिसांनाही, आत डोकावता येणार नाही. संस्थेने कुलपासाठी संख्या निवडली ती आपल्या मातीतली, तडवळकरांची. केवढा अभिमान! हजारो बायकांनी आपल्या नावाच्या पेट्या सुरू केल्या.

त्यातली एक पेटी केतकीच्या जावेची होती.

निकिता म्हणजे केतकीच्या धाकट्या दिराची, महांतेशची बायको. एकाच घरात, वरच्या मजल्यावर राहायची. तिच्या दंडावरचे वळ केतकीने पाहिले होते. तेव्हा केतकीने तिला जवळ घेतलं, डोळे पुसले आणि पेटीबद्दल सांगितलं. "अगं, बिनधास्त ठेव. त्या कुलपावर माझी सही आहे." निकिताने ठेवलं. घर पुन्हा शांत झालं आणि केतकीला आपण फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

पुढचे दोन दिवस केतकीने काहीच केलं नाही. काहीच म्हणजे, स्वतःची समजूत काढण्याचं काम सोडून. असेलही मूळ, ती म्हणायची. कुणी सांगावं, लॉटरी कुणाला तरी लागतेच की. सोहळा तरी होऊन जाऊ दे. सरांचं वय झालंय, धक्का बसला तर? असं म्हणताना तिला कळत होतं की धक्का बसायची भीती तिला कुणाबद्दल वाटतेय. कॉलेजात विद्यार्थ्यांनी "मॅडम, सोहळ्यात तुम्ही बोलणार ना?" विचारलं की तिला जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. पण जमीन कुठली ऐकतेय.

तिसऱ्या दिवशी सकाळी निकिता खाली भाकऱ्या थापायला आली. महांतेश दौऱ्यावर गेला होता, केतकीचा नवरा चन्नवीर दुकानात. तव्यावर भाकरी फुगली होती. केतकीला राहवलं नाही.

"निकिता, तुझी पेटी काढून घे. आजच्या आज. पुसून टाक सगळं."

निकिताचे हात परातीत थांबले. "का?"

केतकीने सांगितलं. सगळं नाही सांगता आलं. थांबा, बाकी, वर्ग, हे कशाला सांगायचं त्या पोरीला, म्हणून इतकंच म्हणाली की ते कुलूप पक्कं नाही, आणि ते पक्कं आहे असं मी न बघता लिहून दिलं होतं.

भाकरी करपायला लागली तेव्हा निकिताने ती उलटली. मग म्हणाली, "आणि बाकीच्या बायका, अक्का?"

"त्यांचं बघते मी. आधी तू तुझी काढ."

"कधी बघणार?"

"सोहळा होऊ दे. मग."

"म्हणजे नाही बघणार." निकिताचा आवाज चढला नव्हता, ती रोज बोलायची तसंच बोलत होती. "मी माझी काढून घेतली की तुम्हाला झोप लागेल. मग तुम्ही कुणाला काही सांगणार नाही. ओळखत नाही का मी तुम्हाला? माझी राहू दे तिथंच."

"वेडी आहेस का? कुणी उघडली तर? महांतेशच्या हातात पडली तर तो..."

"काय करेल ते मला माहितीये की, तुमच्यापेक्षा जास्त." तिने पुढचा गोळा हातावर घेतला. "राहू दे. तेवढ्यासाठी तरी तुम्ही घाई कराल."

केतकी तशीच चपला घालून बाहेर पडली. रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं की हाताला पीठ आहे. भाकरी थापत तर निकिता होती. हे पीठ कधी लागलं तिला आठवेना. कदाचित बोलता बोलता तिने निकिताचा हात धरला असेल आणि निकिताने तो सोडवून घेतला असेल.

सर व्हरांड्यात बसून आभाराच्या भाषणाचा सराव करत होते. तिला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"ये गं! शालीचं माझ्यापासून गुपित ठेवलंत म्हणे. येमूलबाईंनी फोन करून विचारलं, सर, तुम्हाला कोरी शाल चालेल का? सगळं फोडून टाकलं त्या बाईने." सर खदखदून हसले. "कोरी का गं पण?"

केतकीला वाटलं, रडून घ्यावं म्हणजे बोलावं लागणार नाही. पण रडूही येईना. तिने उभ्याउभ्याच सांगितलं. अर्ध्यापासून पुढे शून्य आहे, सर. शेवटपर्यंत.

सरांचं हसू गेलं. त्यांनी टेबलावर बोटाने काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. "उणे दोन," ते पुटपुटले. "मग दोन. मग दोनच." आणि मग एकदम, "अरे देवा. ती ओळ!"

"कुठली ओळ, सर?"

"माझ्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ होती. संख्या शून्य असेल तर गुणाकार करू नको, वेळ वाचव, सरळ पुढच्या पायरीवर जा. हुशारी केली होती मी. त्या हुशारीत वजा दोन करायचं राहून गेलं असणार." त्यांनी चष्मा काढला. "यंत्राचं काम माझ्या अंदाजापेक्षा लवकर संपलं होतं, केतकी. तेव्हाच मला खटकलं होतं. पण म्हटलं, केतकी पुन्हा पहिल्यापासून करणारच आहे. चूक असेल तर ती धरेल. ती काही सोडणारी नाही." त्यांनी वर पाहिलं. "तुझं शून्य कसं आलं?"

तिने तेही सांगितलं. फाईल कशाला मागितली होती ते. सांगताना तिचं लक्ष सरांच्या पायांकडे होतं.

"का?" सरांनी विचारलं.

"तुमचं काम तपासायचं म्हणजे... तुमच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं..."

"अगं, त्यालाच तपासणं म्हणतात!" सर ओरडले. इतक्या वर्षांत ते तिच्यावर कधी ओरडले नव्हते. मग त्यांचा आवाज बसला. "तू मला मान दिलास, मी तुझ्यावर भरवसा टाकला, आणि दोघांनी मिळून कुणीच काही केलं नाही. मला तर जास्त लाज वाटायला हवी. मला शंका आली होती. आणि मी ती गिळली, कारण पेपरात फोटो येणार होता."

"सर, सोहळा रद्द करू या. संस्थेला मी कळवते."

"संस्थेला आत्ता कळव, इथे बसून, माझ्यासमोर. पेट्या त्यांनी ताबडतोब बाजूला काढायला हव्यात, मग गाजावाजा." त्यांनी भाषणाचे कागद घडी करून बाजूला ठेवले. "सोहळा मात्र होऊ दे. ढोल वाजवायला गाव जमवलं होतं ना आपण? मग हे सांगायलाही गाव जमू दे."

संस्थेने आधी विश्वासच ठेवला नाही. मग दोन दिवसांत यंत्रणा बंद केली, सगळ्या पेट्या इंटरनेटपासून तोडून वेगळ्या ठेवल्या, आणि सोहळ्याच्या दिवशी बातमी जाहीर करायचं ठरलं.

सभागृह भरलं होतं. ज्योतींचं ताट घेऊन बायकांनी सरांना ओवाळलं, पेढे वाटले गेले, येमूलबाई स्वतः पहिल्या रांगेत जरीचं नेसून बसल्या होत्या. सर उठले, माइकपाशी गेले आणि कुणाचे आभार वगैरे न मानता म्हणाले, "ज्या संख्येसाठी तुम्ही मला डोक्यावर घेतलंत, ती मूळ आहे की नाही हे मला माहीत नाही. मी चुकलो. मला शंका होती आणि मी गप्प बसलो."

आधी काहींनी टाळ्या वाजवल्या. सर विनय दाखवताहेत असं वाटलं त्यांना. मग टाळ्या विरल्या आणि कुजबुज सुरू झाली, आणि कुजबुजीत सगळ्यांचा सूर एकच, वय झालं हो, बिचारे. सरांकडे सगळे इतक्या मायेने बघायला लागले की केतकीला बसवेना. सरांचं म्हातारपण तिला झाकायला निघालं होतं, आणि आणखी दोन मिनिटं ती गप्प बसली असती तर झाकलंही असतं.

ती उठली. "दुसरी तपासणी माझी होती," ती म्हणाली. "सरांना वाटलं मी केली. मी केली नाही. केली असं लिहून सही दिली. साक्षपेटीच्या कुलपावर जी सही आहे ती खोटी आहे."

कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मागच्या एका रांगेतून एक बाई उठली, पोराचा हात धरला आणि भराभरा दाराकडे निघाली. मग आणखी एक उठली, पदर तोंडावर घेतलेली. आपल्याला कुणी उठताना बघू नये अशी त्यांची धडपड चालली होती, आणि सगळं सभागृह नेमकं तेच बघत होतं: कोण उठतंय, कुणाची बायको, कुणाची सून. येमूलबाईंची नजर केतकीच्या नजरेला भिडली आणि येमूलबाईंनी तोंड फिरवलं. केतकी माइकपाशी उभी राहिली. खाली कसं उतरायचं ते तिला सुचत नव्हतं.

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले. आठवडाभर केतकीशी घरात कुणी धड बोललं नव्हतं. चन्नवीर भला माणूस, त्याने एवढंच विचारलं होतं, "नोकरी जाईल का?" आणि ती म्हणाली होती, "जायलाच पाहिजे." निकिता वाढत होती. महांतेश दौऱ्यावरून परतला होता आणि फोनवर बातमी वाचून दाखवत होता. ज्यांची पेटी आहे त्यांनी स्वतः केंद्रावर यावं, नव्या कुलपाची व्यवस्था केली जाईल.

"काय एकेक बायका असतात," तो शेंगापोळी तोडत म्हणाला. "घरातलं खायचं आणि घराचीच उणीदुणी डब्यात भरून ठेवायची. वहिनी, तुम्ही चांगलंच केलंत म्हणा, फुटलं ते एक बरं झालं. आता कळेल कोण कोण आहेत त्या." मग त्याची नजर केतकीवरून निकिताकडे गेली, तिथेच रेंगाळली. "आपल्या घरात कुणाची नव्हती ना?"

निकिताच्या हातातली तुपाची वाटी स्थिर होती. केतकीने हातातला घास ताटात ठेवला.

"माझी होती," ती म्हणाली.

चन्नवीरने ताटातला हात उचलला. त्याने कधी तिच्यावर आवाजसुद्धा चढवला नव्हता. "तुझी?" "मी... काय केलं मी तुला?"

त्याचा तो पडलेला चेहरा केतकीला बघवत नव्हता, पण एकदा म्हटलं ते आता रेटून न्यायचं असं तिने ठरवलं होतं. निकिता वाचली तर बास.

"अक्का, राहू द्या," निकिता म्हणाली. तिने वाटी खाली ठेवली. "भावोजी, तुम्ही काही केलेलं नाही. पेटी माझी आहे."

महांतेश उठायला लागला. "बस," चन्नवीर म्हणाला, आणि त्याचा आवाज असा काही होता की तो बसला.

मग निकिताने सांगितलं. पेटीत जे ठेवलं होतं ते सगळं, पहिल्यापासून, ताटांसमोर उभं राहून. कधी पट्ट्याने, कधी दार लावून, कुठल्या सणाला, कशावरून. महांतेश मध्येच "खोटं बोलतेय" म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चन्नवीर ऐकत होता आणि त्याची मान हळूहळू खाली जात होती.

"मला कसं ऐकू आलं नाही कधी?" तो शेवटी म्हणाला. "एकाच घरात राहतो आपण."

"तुम्ही दुकानात असायचात की." निकिता म्हणाली. केतकीला कळलं आता काय येणार ते, आणि तिने डोळे मिटून घेतले. "अक्का घरी असायच्या. वरून आवाज यायला लागला की त्या टीव्ही मोठा करायच्या. मला खालून ऐकू यायचा."

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

चन्नवीरने बायकोकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

सगळं सोपं करून सांगता येईल अशी दोनतीन वाक्यं केतकीच्या ओठांवर आली. मी तिला पेटीचं सुचवलं होतं. घर मोडू नये म्हणून. योग्य वेळ येईपर्यंत. ती सगळी तिने परत गिळली.

"हो," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

मग ती उठली, आणि इतकी वर्षं ज्या जिन्याच्या खाली थांबत आली होती तो जिना चढून वर गेली, निकिताची बॅग भरायला.